खिशातला चाकू आणि बायकोचा प्रश्न

पत्राचा सारांश: पत्रलेखक चौतिशीचे, पुण्याच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहणारे, आयटीत नोकरी करणारे. दुपारची पाळी असल्याने दुचाकीवरून घरी परतायला रात्रीचे बारा वाजतात. महिन्यातून एक-दोनदा सह्याद्रीत भटकंती. काही महिन्यांपूर्वी त्यांच्या एका सहकाऱ्याला रात्री रस्त्यात अडवून दोघांनी मोबाइल आणि पाकीट काढून घेतलं. तेव्हापासून रोज खिशात बाळगायला एक ‘टॅक्टिकल’ घडीचा चाकू घ्यायचं त्यांच्या मनात आहे. भरपूर व्हिडिओ पाहून यादी तिघांवर आली आहे: स्पायडर्कोचा पॅरामिलिटरी २, बेंचमेडचा बगआउट, आणि ऑनलाइन स्वस्तात मिळणारा एक काळा, टँटो टोकाचा, डी-२ पोलादाचा चाकू, ज्याच्या मुठीला काच फोडायची अणीही आहे. पत्नी विचारते, ‘हा नेमका कुणावर चालवणार?’ घरात सहा वर्षांची मुलगी आहे, आणि पुढच्या वर्षी कामासाठी काही महिने इंग्लंडला जायचं आहे. तिघांतला कोणता घ्यावा, आणि बायकोला कसं पटवावं, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

पत्रासोबत जोडलेला तुमचा तक्ता मी दोनदा पाहिला. पात्याची लांबी, जाडी, वजन, पोलाद, खटक्याचा (उघडलेलं पातं जागेवर अडवून धरणाऱ्या कळीचा) प्रकार, मूठ कशाची, क्लिप कुठे, किंमत किती. अकरा रकाने, आणि तिन्ही चाकूंसमोर ते इमानदारीने भरलेले. या चाकूने कापायचं काय, हा रकाना मात्र त्यात नाही. पत्रातही पार्सल, फळ, दोरी यांतलं काही येत नाही. ‘वेळ आली तर’ हे शब्द चार वेळा आलेत. तेव्हा आधी त्या वेळेबद्दलच बोलू, चाकूंकडे मग वळू.

रात्रीचे बारा. डोक्याला हेल्मेट, अंगात जर्किन, हातात ग्लोव्हज. समोर बाइक आडवी घालून दोघं उभे. तुमचा उजवा हात ॲक्सिलरेटरवर, चाकू जीन्सच्या उजव्या खिशात. गाडीवर बसल्यामुळे तो खिसा मांडीवर ताणलेला आणि वरून जर्किनचा घेर आलेला. आज सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीवर बसा, हा सगळा जामानिमा चढवा आणि त्याच खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून पाहा. कुणी अडवलेलं नसताना, हात थरथरत नसताना किती वेळ लागतो ते मोजा. तुमच्या वयाचा असताना एका जुन्या स्कूटरवर बसून मी हे केलं होतं. आकडा सांगत नाही, अजून लाज वाटते.

बरं, समजा निघाला चाकू, उघडलाही. पुढे काय? समोर दोघं आहेत. पुण्यात राहता, तेव्हा त्यांच्या पाठीमागे शर्टाखाली काय असू शकतं हे मी सांगायला नको. सव्वातीन इंची पातं आणि कोयता यांची तुलना तुमच्या तक्त्यात नाही. आतापर्यंत मामला मोबाइलचा होता. तुम्ही पातं दाखवलंत की तो जिवाचा होतो, आणि तो तसा केला तुम्ही. तुमचे सहकारी फोन देऊन घरी आले, दुसऱ्या दिवशी कामावरही आले. त्यांनी काही चुकीचं केलं नाही.

स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिलेला आहे. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं त्याचीच आहेत. पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, ही अट त्यातच आहे. किती लागत होती हे त्या रात्री रस्त्यावर ठरत नाही. ते नंतर ठाण्यात आणि कोर्टात ठरतं, आणि तिथे तुम्हाला विचारतील की हा चाकू रोज खिशात कशासाठी ठेवत होतात. ‘वेळ आली तर’ हे उत्तर तिथे द्यायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

आता तुमच्या पत्नीचा प्रश्न पुन्हा वाचा. ‘कुणावर चालवणार?’ तुम्हाला तो टोमणा वाटला. मला तो तुमच्या तक्त्यातला राहून गेलेला रकाना वाटतो. त्यांना पटवायचं कसं, असं तुम्ही विचारता. त्यांच्या प्रश्नाला सरळ उत्तर सापडलं की पटवायला काही उरणार नाही असा माझा अंदाज आहे.

त्या रस्त्यावर रोज जीव खालीवर होतो, हे मात्र मी हसण्यावारी नेत नाही. त्यावर चाकूपेक्षा कंटाळवाणे पण उपयोगी उपाय आहेत. पाळी सुटल्यावर दोघं-तिघं मिळून निघा. चार किलोमीटर जास्त पडले तरी वर्दळीच्या रस्त्याने या. यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून ठेवा. फोनचा आयएमईआय नंबर, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, घरी वहीत लिहून ठेवा, म्हणजे फोन गेलाच तर पोलिसांत तक्रार करून सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरून तो बंद करता येईल. ११२ नंबर लॉक स्क्रीनवरून कसा लागतो ते एकदा पाहून घ्या. आणि खिशात काहीतरी हवंच असेल तर बोटाएवढा चांगला टॉर्च ठेवा. अंधाऱ्या पार्किंगमध्ये, गाडी बंद पडल्यावर, गडावरच्या टाक्यात वाकून पाहताना तो रोज कामाला येतो, आणि कुठल्याही सुरक्षारक्षकाच्या कपाळाला त्याने आठी पडत नाही.

एवढं बोलून झाल्यावर मी ‘चाकू घेऊच नका’ म्हणेन असं वाटलं असेल. माझ्याच खिशात तीसेक वर्षं चाकू आहे. गेल्या आठवड्यात त्याने औषधांचं खोकं उघडलं, नातवाच्या नव्या शर्टाची लेबलं कापली, रिक्षाच्या फाटलेल्या पडद्याची फडफडणारी दोरी तोडली (रिक्षावाल्याच्या विनंतीवरून), दोन पेरू चिरले आणि एका कुंडीतली जास्वंदाची सुकलेली फांदी छाटली. यात शौर्य कुठेच नाही. पण खिशातला चाकू तुमच्या आयुष्यात करणार आहे ते हेच.

म्हणून खरेदीआधी दोन आठवडे एक काम करा. फोनमध्ये एक नोंद उघडा आणि जिथे जिथे धारदार पात्याची गरज पडेल तिथे एक ओळ लिहा: काय कापायचं होतं, कुठे होतात, भोवती कोण होतं, आणि चाकू नसताना काय वापरलंत. दात, किल्ली, पेन, शेजारच्या टेबलावरची कात्री, सगळं लिहा. एखादा ट्रेक यात येऊ द्या. शेवटी त्या नोंदी पुढ्यात ठेवून तुमचा तक्ता पाहा. बरेच रकाने आपोआप गळून पडतील.

आता तुमची यादी.

पॅरामिलिटरी २ हा अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या स्पायडर्कोचा नावाजलेला चाकू. अंगठ्याने पातं उघडता यावं म्हणून पात्यातच गोल भोक, आणि खिशाच्या काठाला अडकवायला क्लिप, या दोन गोष्टी एकत्र आणणारा ‘वर्कर’ हा चाकू याच कंपनीने १९८१ साली काढला. आज जगभरातल्या असंख्य घडीच्या चाकूंना क्लिप दिसते, त्याचं मूळ बरंचसं तिथे आहे. पॅरामिलिटरीचा खटका मला फार आवडतो. तो मुठीच्या पाठीकडे आहे, त्यामुळे चाकू मिटवताना बोट पात्याच्या वाटेत येत नाही. पण हा चाकू उघडला की सव्वाआठ इंच होतो. ऑफिसच्या पँट्रीत एवढा चाकू उघडून सफरचंद कापणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. आणि ते सफरचंदही नीट कापलं जात नाही, कारण पाठीकडे पातं चांगलं साडेतीन मिलिमीटरहून जाड आहे. पाचर घातल्यासारखं अर्ध्यात गेल्यावर फळ कटकन फुटतं. खोकी, दोऱ्या, पॅकिंगच्या पट्ट्या दिवसभर कापणाऱ्या गोदामातल्या माणसाला मी हाच चाकू सुचवीन.

बगआउट २०१७ साली आला. पातं सव्वातीन इंचांचं, वजन अवघं ५२ ग्रॅम. खिशात आहे हेच विसरायला होतं, आणि रोज बाळगायच्या वस्तूत याहून मोठा गुण नाही. खटका म्हणजे पात्याच्या मुळाशी आडवी सरकणारी एक दांडी. दोन्ही बाजूंनी मागे ओढता येते, त्यामुळे डावखुऱ्यांचीही सोय होते. ती दांडी दोन बारीक स्प्रिंगांवर चालते आणि वर्षानुवर्षांच्या वापराने एखादी तुटू शकते, एवढी एक बाब लक्षात ठेवायची. पातं पातळ, त्यामुळे काकडी चिरायलाही बरा. तुमच्या तिघांतला एकच निवडायचा झाला तर मी हा निवडीन. गंमत अशी की ‘बग आउट’ म्हणजे संकट आलं की सॅक पाठीला मारून तिथून निघून जाणं. रात्री बाराच्या त्या प्रसंगासाठी चाकूच्या नावातच बरा सल्ला आहे.

तिसऱ्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण स्वस्त म्हणून तो तुमच्यासारख्या बहुतेकांच्या हाती पडतो आणि ‘टॅक्टिकल’ म्हणून जे जे विकलं जातं ते सगळं त्यात एकवटलेलं आहे. टँटो टोक म्हणजे पुढे तिरकं छाटलेलं, कोन असलेलं पातं. भोसकायला मजबूत, पण फळ सोलायला किंवा पुठ्ठ्यावरून सलग ओढायला निरुपयोगी, कारण कापणारी धार मध्येच मोडते. धार लावताना दोन वेगळ्या कडा सांभाळाव्या लागतात. मागची अर्धी कड करवतीसारखी दातेरी. ती दोरीवर झकास चालते; पण घरच्या सपाट दगडावर तिला धार लावता येत नाही, आणि साध्या कामाला उरतं दीड इंच पातं. काळा मुलामा खोकी कापून चरे पडेपर्यंत टिकतो. काच फोडायची अणी मोटारीच्या बाजूच्या कडक काचेवर चालते, पुढच्या काचेवर नाही. त्या काचेत दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पडदा असतो, तिला तडे जातात पण ती खाली पडत नाही. शिवाय असलं अवजार गाडीत, बेल्ट लावलेल्या अवस्थेत हाताला येईल असं बसवलेलं हवं. दुचाकीस्वाराच्या खिशात ती अणी फक्त मोबाइलच्या काचेला भेटते. आणि राहिली पातं उघडायला मदत करणारी स्प्रिंग. अंगठ्याने जरा ढकललं की पातं स्वतःहून फाटकन उघडतं. व्हिडिओत तो आवाज छान वाटतो. लोकलच्या डब्यात, लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत तो आवाज झाला की माणसं वळून पाहतात ती चाकूकडे नाही, तुमच्याकडे.

डी-२ पोलाद वाईट नाही. धार बराच काळ धरून ठेवतं. त्यात क्रोमिअम १२ टक्क्यांच्या आसपास असतं, पण त्याचा मोठा वाटा कार्बनशी बांधला जातो, गंजाला अडवायला थोडाच उरतो. आमच्या गटातल्या एकाचा असाच चाकू होता. जुलैत हरिश्चंद्रगडावर शनिवारी संध्याकाळी त्याने लिंबू कापलं, पँटला पुसला, मिटवून सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात टाकला. रविवारी रात्री एसटीत बसून उघडला तर धारेच्या कडेने मोहरीच्या निम्म्या आकाराचे तांबूस ठिपके, ओळीने. सह्याद्रीत पावसाळा चार महिने चालतो आणि तुमची भटकंती त्यातच जास्त असणार. कोकणात राहणाऱ्या वाचकांना तर बारा महिने खारी हवा आहे. त्यांनी १४सी२८एन किंवा व्हीजी-१० असं लिहिलेलं पोलाद पाहावं, किंवा सरळ स्विस चाकूचं मऊ पोलाद घ्यावं, ज्याला धार लवकर जाते पण पाच मिनिटांत परतही येते.

कुठलंही पोलाद असलं तरी ट्रेकहून आल्यावर चाकू उघडा, साबणाने धुवा, सांध्यात सुकं कापड फिरवा, पंख्याखाली उघडाच ठेवा. मग सांध्यात एक थेंब तेल. खायच्या वस्तू कापत असाल तर केमिस्टकडे मिळणारं लिक्विड पॅराफिन उत्तम. खोबरेल नको, थंडीत गोठतं आणि पुढे खवट चिकट होतं.

तुमच्या यादीत नसलेले दोन चाकू मी तुमच्यासमोर ठेवतो. पहिला ओपिनेल. फ्रान्सच्या सावोय भागात जोसेफ ओपिनेलने १८९० साली हा काढला. बीच लाकडाची गोल मूठ, त्यात साधं पातं. १९५५ पासून वर एक फिरती कडी, जी वळवली की पातं जागेवर अडकतं. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर. इतकं पातळ की गडावर भाकरी-ठेच्यासोबत कांदा आणि टोमॅटो चिरायला याच्यासारखा दुसरा नाही; टोमॅटो चिरडत नाही, चकत्या पडतात. खोड एकच: पावसात लाकूड फुगतं आणि पातं खोबणीत घट्ट बसतं. सावोयच्या शेतकऱ्यांची त्यावर युक्ती आहे. कडी मोकळी करायची आणि मुठीचं मागचं टोक दगडावर ठोकायचं, पातं पुढे डोकावतं. आणि एक निरीक्षण सांगतो. लाकडी मुठीचा चाकू उघडला की शेजारचा म्हणतो, ‘वा, जरा दाखवा.’ काळा उघडला की तो जरा सरकून बसतो.

दुसरा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा, स्विस. कार्ल एल्सनरने इबाख गावी १८८४ साली कारखाना काढला आणि आज ज्याला आपण स्विस चाकू म्हणतो तो १८९७ सालचा. ९१ मिलिमीटरच्या मापात पातं, कात्री, स्क्रूड्रायव्हर, डबा उघडणं, सुई असं सगळं येतं. दोन आठवड्यांच्या नोंदीत कात्री आणि स्क्रूड्रायव्हरची कामं किती निघतात ते पाहा, बहुतेकांची पात्याहून जास्त निघतात. याच्या पात्याला खटका नाही, फक्त पाठीमागच्या स्प्रिंगच्या दाबावर ते उभं राहतं. माझ्या उजव्या तर्जनीवर आडवा पांढरा व्रण आहे तो असाच पडला. नारळाचा डोळा चाकूच्या टोकाने टोकरत होतो. टोक अडकलं, मी जोर लावला, पातं माझ्याच बोटावर मिटलं. तीन टाके. चूक पूर्णपणे माझी: बिनखटक्याच्या चाकूने ओढायचं असतं, टोक खुपसून ढकलायचं नसतं. टोचायला त्यात वेगळी सुई दिलेली असते, ती मला तेव्हा उपरी वाटायची.

खटका असलेला चाकू घेतलात तरी त्याच्यावर आंधळा भरवसा नको. उघडल्यावर पातं वरखाली किंवा डावीउजवीकडे हलतं का पाहा. धार बाहेरच्या बाजूला आणि सगळी बोटं पात्याच्या वाटेबाहेर ठेवून पात्याची पाठ टेबलाच्या लाकडी कडेवर हलकेच दाबा. सरकला तर परत करा. खिशातला कापूस आणि वाळू खटक्याच्या खाचेत साचते, महिन्यातून एकदा दातकोरणीने काढा. मुठीच्या आत पत्र्याची पट्टी सरकून पातं अडवणारे स्वस्त चाकू खूप दिसतात. ते मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेतच असतो, हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

भटकंतीच्या मंडळींसाठी एक खास सूचना, ज्याने कधी रॅपलिंग केलंय, म्हणजे दोरावरून कडा उतरलाय, त्याला पटेल. कुणाचे केस किंवा ओढणी डिसेंडरमध्ये, म्हणजे दोर ज्यातून सरकतो त्या अवजारात, अडकली की पहिला हात चाकूकडे जातो. ताणलेल्या दोराला धार नुसती टेकली तरी तो तुटतो. आधी दुसऱ्या आधाराने वजन सोडवायचं, मग कापायचं, आणि हे काम शिकलेल्या माणसाचंच.

कायद्याबद्दल. मी वकील नाही, पण एवढं प्रत्येकाला माहीत असायला हवं. २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात, घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले सोडून. तुमचे तिन्ही चाकू त्या मापाच्या पुष्कळ आत आहेत, म्हणून व्हिडिओवाले ‘भारतात पूर्ण कायदेशीर’ म्हणून मोकळे होतात. तसं मोकळं होता येत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणवार, निवडणुका, मोर्चे अशा काळात शहरात वेळोवेळी मनाई आदेश निघतात. वर्तमानपत्रात आतल्या पानावर कोपऱ्यात छापून येतात आणि आपण वाचत नाही. त्यात चाकू, काठ्या, शारीरिक इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू जवळ बाळगायला बंदी असते. तो आदेश इंच विचारत नाही. राज्याबाहेर गेलात की आणखी निराळं: दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणाच्या चाकूंवरचं बंधन ७.६२ सेंटिमीटर पात्यापासूनच सुरू होतं. मॉल, मेट्रो, मल्टिप्लेक्स, तुमच्या कंपनीचं फाटक, यांचे नियम त्यावर वेगळे. ऑफिसात चाकू न्यायचाच असेल तर आधी सुरक्षा विभागाला विचारा. ‘नाही’ म्हणाले तर तो घरी. खोकं उघडायला स्टेशनरीतला कटर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतोच.

विमानात केबिनमध्ये कुठलाच चाकू नाही, चेक-इन सामानात जातो. हे मला पाठ आहे, तरी किल्ल्यांच्या जुडग्यातला बोटभर स्विस चाकू मी एका विमानतळावर खोक्यात टाकून आलोय. पंचवीस वर्षांचा सोबती होता. आता प्रवासाच्या आदल्या रात्री पासपोर्ट बाहेर निघतो त्याच खणात चाकू आत जातो.

इंग्लंडचा मुद्दा तर तुमच्या अख्ख्या तक्त्यावर फुली मारतो. तिथल्या १९८८ च्या फौजदारी कायद्यानुसार कारणाशिवाय खिशात चालतो तो फक्त घडीचा चाकू, ज्याची धार तीन इंचांहून जास्त नाही आणि ज्याला खटका नाही. खटक्याने अडकणारा घडीचा चाकू तिथे न मिटणाऱ्या चाकूसारखाच धरला जातो. तो बाळगायला ठोस कारण लागतं, आणि ‘स्वतःच्या रक्षणासाठी’ हे कारण सहसा मानलं जात नाही. म्हणजे पॅरामिलिटरी आणि बगआउट दोन्ही बाद. स्प्रिंगच्या मदतीने उघडणारा तुमचा तिसरा तर घरात ठेवणंही तिथे अडचणीचं. ओपिनेलही, कडी असल्यामुळे, खिशात नाही. स्विस मात्र चालतो. लंडनला लेकीकडे जाणाऱ्या आजी-आजोबांनीही पर्समधली घडीची सुरी याच हिशेबाने तपासावी.

घरात सहा वर्षांची मुलगी आहे, म्हणून एका हाताने सहज उघडणारा चाकू तिच्याही एका हाताने उघडेल. नखाने ओढून दोन्ही हातांनी उघडायचा चाकू लहान बोटांना जड जातो. तरी तो कुलपातच, आणि गूढ न बनवता. तिच्यासमोर पेरू कापा, कापताना बोटं कशी आखडायची ते दाखवा, पुसून मिटवून ठेवा. ज्या घरात विळी होती त्या घरांतली मुलं हे असंच शिकली.

धार लावायला महागडे दगड आत्ताच घेऊ नका. चिनीमातीचा जुना मग उलटा ठेवा. बुडाला न चकाकलेली खरखरीत गोल कड असते, तोच निसणा. पातं त्या कडेवर उभं धरा, मग निम्मं झुकवा, त्याच्या पुन्हा निम्मं, आणि त्याहून किंचित कमी. तेवढ्या कोनात, जणू कडेचा पातळ पापुद्रा काढायचाय असं, मुळापासून टोकापर्यंत ओढा. एकदा या बाजूने, एकदा त्या, दहा-दहा वेळा, जोर न लावता. मग वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापून पाहा. अडखळला तर जिथे अडखळला तिथली धार गेलीय. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, आणि बोटं त्या जोरापायी कापतात.

किमतीचंही बोलू. पॅरामिलिटरी आणि बगआउट अमेरिकेतच दीड-दोनशे डॉलरच्या घरात आहेत. तुमच्या तक्त्यात त्यांच्यासमोर दोन-अडीच हजार रुपयांची एक ऑनलाइन लिंक दिसते. ती नक्कल आहे, या दोन्ही चाकूंच्या नकला बाजारात मुबलक आहेत. नकलेचं पोलाद आणि खटका कशाचा आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि खटका फसून पातं बोटावर मिटलं की काय होतं ते माझ्या तर्जनीला विचारा, तिथे तर खटकाच नव्हता. तेवढ्याच पैशांत अस्सल ओपिनेल किंवा अस्सल छोटा स्विस येतो.

तर माझा कौल असा: आधी नोंदी, मग ९१ मिलिमीटरचा स्विस रोजच्यासाठी. नोंदींमध्ये ट्रेकचं खाणंपिणं जास्त निघालं तर सॅकमध्ये जेवणाच्या डब्यासोबत ओपिनेलही टाका. एवढ्यावर वर्षभर काढूनही बगआउट मनातून जात नसेल तर तो हौस म्हणून घ्या. हौसेला माझी ना नाही, फक्त तिला रक्षणाचं नाव देऊ नका. बायकोलाही हौस म्हणूनच सांगा. हौस लपवायला दिलेली कारणं बायकांना पहिल्या वाक्यात कळतात.

आमच्या घरी सुरी-कात्री कुणाच्या हातात द्यायची नाही, भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायची, समोरच्याने उचलून घ्यायची. तुमच्याकडेही असेल. चाकू आला की मिटवून टेबलावर ठेवा आणि आलेलं पार्सल पत्नीला उघडायला सांगा.